टायर झिजता झिजेना

बाइकला नवीन टायर टाकला म्हणून कोणी पेढे मागत नाही. सीट कव्हर टाका, लोक हात फिरवून बघतात, सायलेन्सर बदला, अख्खी सोसायटी गॅलरीत येते, पण टायरवर दोन-अडीच हजार घालवून घरी या, कोणाच्या लक्षातसुद्धा येत नाही, गाडी होती तशीच दिसते, खाली दोन काळे गोल. त्यामुळे काटकसर करायची म्हटली की आपल्याकडं पहिली कुऱ्हाड टायरवर पडते. "टायर काय, रबरच ते शेवटी" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि ते म्हणणारे गृहस्थ माझ्याच घरात राहतात.

बाबा एसटीत होते. हे ते ओळख झाल्याच्या पहिल्या दोन मिनिटांत सांगतात, समोरच्याला वाटतं वर्कशॉपला असतील, आणि बाबा त्याला तसं वाटू देतात. प्रत्यक्षात होते अकाउंट्सला. पण डेपोच्या आवारात आयुष्य गेलं की टायरमधलं आपोआप कळतं असं त्यांचं म्हणणं आहे आणि त्यांचा एक लाडका सिद्धांत आहे, पुढं नवीन मागं रिमोल्ड. एसटीत म्हणे रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवलेला टायर, पुढच्या चाकाला लावायचाच नाही, मागं खुशाल लावा, अन् त्याच्यावर सगळा महाराष्ट्र जत्रेला जाऊन आला, मग तुझी पल्सर काय आभाळातून पडलीये का.

माझ्या पल्सर 150 चा मागचा टायर गोटा झाला होता हे खरंय. नक्षीच्या खाचांमध्ये मधेमधे बारीक उंचवटे असतात, त्यांना टीडब्ल्यूआय म्हणतात, नक्षी झिजून त्यांच्या लेव्हलला आली की टायर संपला असं समजायचं. माझ्या टायरवर उंचवटे शोधायची गरजच नव्हती, खाचाच गायब होत्या. पगार झाला की चांगल्या कंपनीचा टाकायचा असं मी ठरवलेलं, एवढ्यात ऑफिसनं इंदूरला पाठवलं, आणि मागं बाबांनी गाडी "जरा धुऊन आणतो" म्हणून थेट नाना पेठेत नेली. मी परत आलो तर पार्किंगमध्ये गाडीच्या शेजारी बाबा उभे, चेहऱ्यावर सगळं समाधान, आणि मागच्या चाकाला एक चकचकीत काळाभोर टायर ज्याच्यावर कसल्यातरी प्राण्याचं चित्र होतं. तो चित्ता आहे की कुत्रा यावर आमच्या घरात अजून एकमत नाहीये. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून तुम्हाला कळणारही नाही, मलाही कळलं नव्हतं.

"किती सांग?" बाबांनी विचारलं. हा प्रश्न ते फक्त जिंकलेले असताना विचारतात. 1,450 रुपये, फिटिंग फ्री. त्याच दुकानात नावाजलेल्या कंपनीचा 2,400 ला होता. म्हणजे 950 रुपये वाचले, आणि हे 950 पुढचा महिनाभर मामाला, वॉचमनला, दूधवाल्याला, माझ्या सासऱ्यांना फोनवर, अशा सगळ्यांना सांगून झाले. तेवढी करमणूक 950 मध्ये वसूल झाली असं म्हणायला हरकत नाही.

त्या रात्री मी मोबाइलचा टॉर्च लावून टायर वाचायला बसलो. टायर वाचता येतो, खरंच. 100/90-17 म्हणजे रुंदी 100 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 90 टक्के, रिम 17 इंची. पुढं 55P होतं, म्हणजे वजन 218 किलोपर्यंत आणि स्पीड 150 पर्यंत, म्हणजे कागदोपत्री माझा टायर आणि 2,400 वाला टायर सख्खे भाऊ. आयएसआयचा शिक्का पण होता, आयएस 15627, तो आता टू-व्हीलरच्या टायरला लागतोच. मग मला ती लंबगोल चौकट सापडली ज्यात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. 0922. म्हणजे 2022 सालचा नववा आठवडा, आणि आम्ही होतो 2025 च्या मे महिन्यात. तीन वर्षं हा टायर नाना पेठेतल्या कुठल्यातरी माळ्यावर गिऱ्हाइकाची वाट बघत होता आणि मग बाबा आले.

मी सकाळी सांगितलं की बाबा हा तीन वर्षं जुना आहे, रबर पडून पडून कडक होतं. बाबा चहा पीत होते, म्हणाले, "कडक नाही रे, मुरलाय. लोणचं मुरतं तसा." यावर काय बोलणार.

उन्हात काही तक्रार नव्हती बरं का, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. मे महिन्यात सिंहगड रोडवर ट्रॅफिकमध्ये वीस-तीसच्या स्पीडनं जाताना कुठलाही टायर हा टायरच असतो. पण मग जून आला. पुण्यातला पहिला पाऊस बघायला भारी आणि चालवायला भयंकर, उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं ऑइल आणि धूळ वर येते आणि पहिला अर्धा तास सगळ्या रस्त्याला कोणीतरी साबण लावून ठेवलाय. दांडेकर पुलाच्या सिग्नलला मी नेहमीसारखा ब्रेक दाबला आणि मागचं चाक पुढच्या चाकाला ओव्हरटेक करायला निघालं. पडलो नाही, पाय टेकवले, शेजारच्या रिक्षावाल्यानं माझ्याकडं बघून मान हलवली आणि रिक्षा फूटभर लांब घेतली.

त्यानंतर मला या शहरातल्या अशा जागा कळायला लागल्या ज्या मी इतकी वर्षं बघितल्याच नव्हत्या. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे ओले असताना काय असतात ते कळलं, ड्रेनेजची लोखंडी झाकणं कुठं कुठं आहेत ते पाठ झालं, आणि गल्लोगल्ली पेव्हर ब्लॉक बसवलेत त्यांच्याबद्दल तर मी बोलतच नाही. आमच्या सोसायटीच्या गेटला उतार आहे, पेव्हर ब्लॉकचा, त्यावर शेवाळ. बायको गेटच्या बाहेरच उतरायची. "तू ये चालवत, मी चालत येते," आणि खरंच माझ्या आधी वर पोचायची. मग एकदा वाईला तिच्या माहेरी जायचं होतं, खंबाटकी घाट, पाऊस, आणि ती पायरीवर बसून म्हणाली मी एसटीनं जाते. बाबांना भरून आलं. एसटीवरचा विश्वास अजून शिल्लक आहे म्हणाले.

ऑफिसमध्ये एक मुलगा आहे, दर वीकेंडला लडाखला निघाल्यासारखे कपडे घालून ताम्हिणीला जातो, त्याला मी चहाच्या टपरीवर हा विषय काढला आणि तो इतका खुश झाला की चहाचे पैसे त्यानंच दिले. त्याच्याकडून कळलेलं असं, की टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तीन-चार बोटं जागेत, पुढं तेवढी मागं तेवढी, बाकी ब्रेक, इंजिन, शॉकॲब्जॉर्बर सगळ्यांचा कारभार शेवटी तेवढ्याच जागेतून होतो. महाग टायरमध्ये रबराच्या मिश्रणावर खर्च असतो, सिलिका वगैरे घालतात म्हणजे ओल्यात पकड राहते, आणि असं मऊ रबर धरतं छान पण झिजतं लवकर. स्वस्तातला टायर बनवणाऱ्याला माहितीये की आपलं गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारणार, किती चालेल, पकडीचं कोणी विचारत नाही, मग तो रबर कडक ठेवतो. तो मुलगा पुढं एबीएसवर पण बोलला, 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालंय, माझी त्याच्या आधीची, पण तो म्हणाला असतं तरी काय, एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पकड नसेल तर आणून देत नाही. मग तो कंपन्यांच्या इतिहासात घुसला, एमआरएफ 1946 साली मद्रासला खेळण्यातले फुगे बनवत होती आणि सिएट मूळची इटलीतल्या तुरिनची. म्हणजे मागच्या ऐंशी वर्षांत एक कंपनी फुग्यातून टायरमध्ये आली आणि माझ्या टायरवाल्यांचा प्रवास अजून ठरायचाय.

एक गोष्ट त्यानं विचारली जी मला आवडली, नवीन असताना शंभर-दीडशे किलोमीटर हळू चालवला होतास का? कारण कुठलाही नवा टायर वरून गुळगुळीत असतो, तो थोडा घासला जाईपर्यंत घसरतोच, भले पाच हजारांचा असू दे. हो, चालवला होता. ते दीडशे कधीच झाले होते, टायरनं मनावर घेतलं नव्हतं.

तर आता साधा उपाय होता, टायर बदलून टाकायचा. पण आमच्या घरात चालू स्थितीतली वस्तू बदलत नाहीत. मिक्सर धूर काढेपर्यंत मिक्सर असतो. टायरला नक्षी आहे तोपर्यंत तो टायर आहे, त्यात हा बाबांनी स्वतः आणलेला, 950 रुपये वाचवून. म्हणजे मला तो झिजायची वाट बघायला लागणार होती, आणि खरा छळ इथून सुरू झाला, कारण तो झिजेना. आधीचा चांगल्या कंपनीचा टायर बघता बघता गोटा झाला होता, हा मात्र वर्ष होत आलं तरी जसाच्या तसा. नव्या टायरच्या कडेला रबराची बारीक केसं असतात ना, ती पण शाबूत. मी मुद्दाम मागचा ब्रेक जास्त वापरायला लागलो. गाडी घासत थांबायची, आवाज यायचा, लोक वळून बघायचे, टायरवर ओरखडा नाही. भाच्याला गाडी दिली, तो कॉलेजला आहे, गाडीचं काहीही करू शकतो. संध्याकाळी परत आला तो डोळे चमकवत, "मामा काय टायर आहे! मागून काय मस्त फिरते, कुठून घेतला?" बाबांनी त्याला पत्ता दिला.

मग एकदा खिळा घुसला, चांगला दोन इंची. मला इतका आनंद आजवर कुठल्या पंक्चरचा झाला नव्हता. पंक्चरवाल्यानं खिळा काढला, काम केलं, टायर फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाला, "साहेब, टायर एकदम नवा आहे, अजून दोन वर्षं बघायला नको."

हे मी घरी सांगायला नको होतं पण बायकोनं सांगितलं. बाबांनी वही काढली. त्यांचा हिशोब असा, 2,400 चा टायर समजा 20 हजार किलोमीटर चालला तर किलोमीटरला 12 पैसे, आणि हा 1,450 चा, याच्या तब्येतीकडं बघता 30 हजार कुठं गेले नाहीत, म्हणजे पाच पैसे पण नाही. अकाउंट्सचा माणूस, आकडा चुकत नाही. मी विचारलं, पावसाळाभर सून रिक्षानं ऑफिसला गेली ते पैसे कुठल्या कॉलमला? बाबा म्हणाले तो प्रवास खर्च, तो वेगळा हेड. त्यात सप्टेंबरमध्ये सरकारनं टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के केला, मला वाटलं आता तरी महागाचा टायर थोडा आवाक्यात आला म्हणून विषय काढावा, तर बाबांनी पेपर वाचून मान डोलावली, "म्हणजे आपला पण स्वस्त झाला."

आता मला लोक विचारतात, बाबांमुळं मी या विषयातला जाणकार झालोय, की स्वस्तातला टायर घ्यावा का. मी सरसकट नाही म्हणत नाही. गावाकडं शेतावर दुधाचे कॅन घेऊन सरळ रस्त्यानं चाळीसच्या आत जाणारी गाडी असेल तर मागच्या चाकाला घ्या, बिनधास्त, फक्त ते चार आकडे बघून घ्या, दुकानदार "ताजा माल आहे" म्हणेल, म्हणू दे, तुम्ही खाली वाकून वाचा. लुधियानाकडचे सायकलच्या टायरपासून वर आलेले कारखाने आहेत, त्यांचं सगळं वाईट असतं असंही नाही. पण पुढच्या चाकाला नको. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढं जातं, मागचं घसरलं तर शेपूट हलवून माणूस सावरतो, पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही, आधी आपण रस्त्यावर असतो आणि मग कळतं. म्हणजे बघा, बाबांचा एसटीचा सिद्धांत काही चुकीचा नाही, पुढं नवीन मागं रिमोल्ड. फक्त एसटीला मागं चार चाकं असतात आणि मला एक, आणि त्या एकावर बायको बसते, एवढाच फरक. घाटातून, पावसातून, मागं कोणाला बसवून जाणार असाल तर हजार रुपये जास्त द्या आणि गप्प बसा. घरी सांगू नका.

मागच्या आठवड्यात बाबांच्या ॲक्टिव्हाचे दोन्ही टायर बदलायची वेळ आली. 90/100-10, पुढंमागं एकच साइज. मला म्हणाले चल नाना पेठेत, मी मुद्दाम सुट्टी टाकून गेलो, म्हटलं आता चित्ता-कुत्रा कंपनीचे दोन टायर पदरात पडणार आणि मी ते शांतपणे बघणार. दुकानदारानं बाबांना ओळखलं, विचारलं, "काका, मागच्या वेळचाच देऊ?" बाबांनी त्याच्याकडं असं बघितलं की जणू त्यानं काहीतरी अभद्र बोललंय. टेबलावर बोट आपटून म्हणाले, चांगल्या कंपनीचा दाखव, या वर्षीचा पाहिजे, आणि चक्क खाली वाकून चार आकडे वाचायला लागले, चष्मा वर करून.

मी म्हटलं, "बाबा, हे काय?"

"अरे, माझ्या गाडीवर तुझी आई बसते."

"आणि माझ्या गाडीवर?"

"तू आहेस ना सांभाळायला. तरुण माणूस." एवढं बोलून त्यांनी दुकानदाराला फिटिंगचे पैसे कमी करायला लावले, जुन्या टायरचे शंभर रुपये मागितले, पन्नासवर तोडलं, आणि सगळं ठरल्यावर क्यूआर कोडचा स्टँड उचलून माझ्यासमोर ठेवला.