कॉमिक कॉनवर घेतलेले आळ

कोल्हापुरातल्या पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या कॉमिक कॉनबद्दल, म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांच्या मेळ्याबद्दल, एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: कॉमिक कॉन म्हणजे एका अमेरिकन कंपनीची दुकानदारी. तिथे कॉमिक्स उरलेलीच नाहीत, सगळी हॉलिवूडची जाहिरात. पोरंपोरी सोंगं घेऊन फिरतात, ही आपली रीत नव्हे. मुलींची तिथे छेडछाड होते. म्हणून पुण्यामुंबईला जाऊन पैसे उधळणाऱ्या मुलांना वेळीच आवरा.

मी चित्रकलेचे वर्ग घेते. हा मेसेज दाखवून मुलांना घरी बसवलं जातंय, तेही वर्षभर खाऊचे पैसे साठवणाऱ्या मुलांना, म्हणून हे उत्तर. जिथे टीका खरी आहे तिथे ती मी खरी म्हणूनच मांडणार आहे.

"एका अमेरिकन कंपनीची दुकानदारी"

सगळ्यांत जास्त गाजलेलं कॉमिक कॉन कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोचं. ते सुरू झालं २१ मार्च १९७० ला, यू. एस. ग्रँट हॉटेलात, एका दिवसापुरतं. आले होते जेमतेम शंभर-दीडशे लोक. शेल डॉर्फ नावाचा एक कॉमिक्सवेडा माणूस आणि विशीही न गाठलेली काही पोरं आयोजकांत होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीन दिवसांचा मेळा भरला. त्याला सुमारे तीनशे माणसं आली आणि पाहुण्यांत कॉमिक्सचे चित्रकार जॅक कर्बी आणि विज्ञानकथा लिहिणारे रे ब्रॅडबरी होते. आज तिथे १ लाख ३० हजारांच्या वर लोक येतात. तरीही तो मेळा भरवणारी संस्था आजही ना-नफा तत्त्वावर नोंदलेली आहे.

न्यूयॉर्कचं कॉमिक कॉन वेगळं. ते २००६ पासून एक खासगी कंपनी भरवते. भारतातलं तिसरंच. जतीन वर्मा यांनी २०११ मध्ये दिल्ली हाटमध्ये ते सुरू केलं आणि २०२४ च्या सुरुवातीला नॉडविन गेमिंग या भारतीय कंपनीनं ५५ कोटी रुपयांना ते घेत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे नाव सारखं असलं तरी मालक तीन.

त्या नावावरून भांडणही झालंय आणि त्यात मला सॅन डिएगोची बाजू पटत नाही. सॉल्ट लेक सिटीतल्या आयोजकांनी आपल्या मेळ्याला कॉमिक कॉन म्हटलं म्हणून सॅन डिएगोच्या संस्थेनं २०१४ मध्ये त्यांच्यावर दावा लावला. डिसेंबर २०१७ मध्ये ज्युरीनं नुकसानभरपाई ठरवली फक्त २० हजार डॉलर. पण पुढच्या वर्षी वकिलांच्या खर्चापोटी न्यायालयानं जवळपास ४० लाख डॉलर भरायला लावले. देशभर कितीतरी गावं तेच नाव वापरत असताना एकाच मेळ्यावर हा बोजा पडला. वाचकांसाठी जन्मलेल्या संस्थेला हे शोभलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण एकाच कंपनीची दुकानं एकमेकांना कोर्टात खेचत नाहीत, हेही मेसेज लिहिणाऱ्यानं लक्षात घ्यावं.

खासगी आयोजकांच्या चुकाही झाल्यात. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रवेशपत्रात चिप होती. ज्यांनी तिला आपलं ट्विटर खातं जोडलं, त्यांच्याच नावानं परस्पर मेळ्याची स्तुती पोस्ट व्हायला लागली. लोक खवळले आणि आयोजकांना ते तिथल्या तिथे बंद करावं लागलं.

"कॉमिक्स उरलेलीच नाहीत, सगळं हॉलिवूड"

या मुद्द्याला मी जास्त जागा देणार आहे, कारण तो अर्धा खरा आहे आणि म्हणूनच लोकांना लगेच पटतो.

सॅन डिएगोच्या हॉल एच या सभागृहात साधारण साडेसहा हजार माणसं बसतात. मोठ्या स्टुडिओंचे कार्यक्रम तिथेच होतात आणि त्यासाठी लोक रात्र रात्र रांगेत काढतात. बातम्यांत येतं ते तेवढंच. कॉमिक्स विकणाऱ्या जुन्या दुकानदारांची तक्रार आहे की जागेचं भाडं वाढलं आणि गिऱ्हाईक मात्र नटनट्यांकडे वळलं. ही तक्रार रास्त आहे.

पण सिनेमावाले बाहेरून येऊन घुसले, हे खरं नाही. १९७४ मध्ये दिग्दर्शक फ्रँक काप्रा या मेळ्याचे पाहुणे होते. 'स्टार वॉर्स' पडद्यावर आला १९७७ मध्ये, पण त्याची माहिती द्यायला त्याची माणसं १९७६ च्या उन्हाळ्यातच सॅन डिएगोला येऊन गेली होती, सोबत त्याचं कॉमिक करणारे लेखक आणि चित्रकारही होते. सिनेमा इथे पहिल्या पाच-सात वर्षांपासून आहे.

आणि चित्र व सिनेमा यांचं नातं परकं आहे, असं निदान कोल्हापूरकरानं तरी म्हणू नये. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे. त्याच हातांनी त्यांनी कॅमेरा जुळवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही स्वतः रंगवली. त्यांच्या तालमीत तयार झालेले दामले आणि फत्तेलाल हे मुळात चित्रकार. १९२९ मध्ये याच शहरात शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासोबत त्यांनी प्रभात सुरू केली. जी. कांबळे यांनी सिनेमाची भव्य पोस्टरं रंगवली आणि शिवाजी महाराजांचं जे चित्र राज्य शासनानं अधिकृत मानलं तेही त्यांच्याच कुंचल्याचं. या गावात पोस्टर रंगवणं कधी हलकं काम नव्हतं. ज्या शहराला आपण अभिमानानं कलापूर म्हणतो, तिथे चित्रकाराच्या टेबलाशेजारी सिनेमाचा मंडप दिसला म्हणून नाक मुरडणं मला अजिबात समजत नाही.

कॉमिक्स उरली आहेत का, याचा निकाल २०२३ मध्ये लागला असं मी मानते. त्या जुलैत हॉलिवूडचे लेखक संपावर होते. मेळ्याच्या आठवडाभर आधी नटही संपावर गेले. बरेच मोठे स्टुडिओ आलेच नाहीत. तिकिटं आधीच विकली गेली होती हे खरं, पण लोक घरी बसले नाहीत. सभागृहं भरली आणि नट नसल्यामुळे यंदा गर्दी आमच्याकडे वळली, असं अनेक चित्रकारांनी सांगितलं. कॉमिक्ससाठीचे आयस्नर पुरस्कारही, ज्यांची सुरुवात १९८८ मध्ये झाली, नेहमीप्रमाणे त्याच मेळ्यात दिले गेले.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. २००९ मध्ये 'ट्वायलाइट' या व्हॅम्पायर प्रेमकथेच्या सिनेमाच्या चाहत्या मुली मोठ्या संख्येनं आल्या, तेव्हा काही जुन्या चाहत्यांनी 'यांनी कॉमिक कॉनची वाट लावली' असे फलक धरले. सिनेमा येऊन तीसेक वर्षं झाली होती, तोवर असा फलक कुणी धरल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. राग सिनेमावर होता की मुलींवर, हे वाचकांनीच ठरवावं. 'मेळा बिघडला' ही ओरड कोण आणि कुणामुळे करतंय, हे बघूनच तिची किंमत करायला हवी.

"सोंगं घेणं ही आपली रीत नव्हे"

हे वाक्य कोल्हापूर जिल्ह्यात लिहिलं जावं, याचं मला खरंच वाईट वाटलं. सोंगी भजन आपल्याच गावांतलं. टाळमृदंगाच्या साथीला गावातलीच माणसं देवाची, राक्षसाची, राजाची, बाईची सोंगं घेऊन उभी राहतात. आजही त्याच्या स्पर्धा होतात आणि लोक रात्र जागवतात. गणपतीत पेठांमधून सजीव देखावे होतात. कॉलेजातली पोरं तासन् तास मावळ्यांच्या वेशात उभी राहतात, आणि तलवारी, जिरेटोप, चिलखतं आदले दोन महिने खपून पुठ्ठ्या-थर्माकोलची बनवतात. कॉस्प्ले, म्हणजे आवडत्या पात्राची वेशभूषा, करणारा मुलगा नेमकं हेच करतो. पात्र निवडतो, कापड आणतो, फोम कापतो, गोंदानं चिकटवतो, रंगवतो आणि मग त्या पात्रासारखा उभा राहायला शिकतो. पात्र जपानी असलं तरी शिवण त्याची स्वतःची असते. शिवाय ही तयारी करताना त्याला शरीररचना, रंग आणि कापडाची पडण कळते, जे मी वर्गात फळ्यावर सांगून कळत नाही.

तिकडेही ही प्रथा कालची नाही. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या विज्ञानकथेच्या संमेलनात दोघं जण भविष्यकाळातले कपडे शिवून आले होते. सॅन डिएगोत वेशभूषेची स्पर्धा १९७४ पासून होते.

"मुलींची छेडछाड होते"

होते. हे मी नाकारणार नाही. न विचारता फोटो काढणं, अंगाला हात लावणं, कपड्यांवर घाणेरडं बोलणं, याच्या तक्रारी अनेक देशांतल्या मेळ्यांत झाल्या. पण त्यांचं पुढे काय झालं, ते मेसेजमध्ये नाही. २०१४ मध्ये चाहत्यांच्याच एका गटानं सह्या गोळा करून सॅन डिएगोच्या आयोजकांकडे छेडछाडीविरुद्ध स्पष्ट, लेखी आणि जागोजागी दिसेल असं धोरण मागितलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेळ्यात माणसाच्या उंचीचे फलक लागले की वेशभूषा म्हणजे संमती नव्हे. ही मागणी लावून धरली ती मेळ्यात येणाऱ्या मुलींनी आणि बायकांनीच.

त्यामुळे मुलीला घरी ठेवण्याऐवजी आयोजकांना प्रश्न विचारा. तक्रार कुठे करायची? मदतकक्ष कुठे आहे? तिथे बाई कर्मचारी आहे का? कपडे बदलायला सुरक्षित खोली आहे का? आपल्या मिरवणुकांत आणि जत्रांत छेडछाड होते, म्हणून आपण मुलींना देवदर्शन बंद केलेलं नाही.

"पैशांची उधळण"

तिकीट, प्रवास, राहणं, शिवाय तिथली महागडी खेळणी आणि टी-शर्ट. कोल्हापुरातल्या मध्यमवर्गीय घराला हा खर्च जड जातो, याबद्दल वाद नाही. घरातून एक रक्कम ठरवून द्यावी आणि ती चित्रकारांच्या टेबलावर खर्च करायला सांगावं. तिथे आपली पुस्तकं स्वतः छापून विकणारे भारतीय चित्रकार बसतात, त्यांच्याशी बोलता येतं, आपली वही त्यांना दाखवता येते.

मराठी कॉमिक्स तिथे फार दिसत नाहीत, ही उणीव मला सगळ्यांत जास्त सलते. इंद्रजाल कॉमिक्समुळे वेताळ, म्हणजे फँटम, मराठीत बोलत होता, ती मालिका १९९० मध्ये थांबली. पुण्याचे प्रताप मुळीक यांच्यासारख्या मराठी चित्रकारानं अमर चित्र कथेपासून हिंदी कॉमिक्समधल्या नागराजपर्यंत काम केलं, पण मराठीत त्या तोडीची बाजारपेठ उभी राहिली नाही. याचा दोष सॅन डिएगोचा नाही, दिल्लीचाही नाही.

प्रवासाचा खर्च वाचवायचाच असेल तर त्याला एक उपाय आहे. दसरा चौकात शाहू स्मारक भवनाचं कलादालन आहे. दळवीज आणि कलानिकेतनसारख्या संस्थांतून दरवर्षी चित्र शिकून मुलं बाहेर पडतात. एका रविवारी त्यांची वीस-पंचवीस टेबलं मांडायची, नाममात्र शुल्क ठेवायचं, सोंगी भजनाच्या एखाद्या मंडळाला आणि कॉस्प्ले करणाऱ्या पोरांना एकाच मंचावर बोलवायचं आणि मुलींसाठीचं धोरण दारावरच मराठीत लावायचं. मेसेज पुढे पाठवणाऱ्या पालकांपैकी ज्यांना यात हातभार लावायचा असेल त्यांनी जरूर यावं. टेबलं मिळवण्याची जबाबदारी मी घेते.