वीस फुटांचा भाव

पेंच नदी निघते मध्य प्रदेशातून. तोतलाडोहात विसावते, नवेगाव खैरीला पुन्हा अडते, कालव्यात शिरते आणि गोरेवाड्याला न्हाऊन-माखून शुद्ध होऊन नागपुरात येते. एवढ्या वाटेत पाण्याने माझ्याकडे छदाम मागितला नाही. सगळा हिशेब तुंबला तो शेवटच्या वीस फुटांत.

वरच्या मजल्यासाठी वेगळा नळ हवा होता. महापालिकेत अर्ज दिला, घरटॅक्सची पावती जोडली आणि यथावकाश डिमांड नोट हातात पडली. तिच्यात सुपरव्हिजनचे पैसे, अनामत, मीटर, मेन लाइनला नळ जोडायचं फेरूल अशी मंडळी शिस्तीत उभी होती. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, गरीब बिचारी. सगळ्यात खाली मात्र 'रस्ता खोदाई' नावाचा पैलवान बसला होता आणि बाकीच्यांची बेरीज केली तरी त्याच्या खांद्याला लागत नव्हती.

"एवढे कायचे?" मी विचारलं.

टेबलापलीकडच्या भाऊंनी चष्मा वर सरकवला. "मेन लाइन समोरच्या बाजूनं गेली हाये ना जी. आन् तुमचा रोड सिमेंटचा. मुरमाचा असता तं काहीच नोता लागत."

"म्हणजे खोदल्यावर पुन्हा सिमेंट टाकून मिळेल?"

"ते दुसऱ्या टेबलावर विचारा."

सिमेंटचा रोड! हा रोड व्हावा म्हणून आमच्या मानेवाड्याच्या गल्लीतल्या काकांनी घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या होत्या. नगरसेवकाच्या हस्ते नारळ फुटला, पेढे वाटले. आता त्याच रोडमुळे नळाचा भाव चढला, हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "काहून टेन्शन घेऊन राहिले? सभेत विषय काढू."

महापालिकेच्या सभेत दर कसे ठरतात, हा मोठा रम्य भाग आहे. विभाग प्रस्ताव करतो, तो आयुक्तांमार्फत स्थायी समितीत जातो, तिथून सर्वसाधारण सभेत. पुढच्या वर्षीच्या करांचे दर 20 फेब्रुवारीच्या आत ठरवावेत असं कायदा सांगतो. सभेत गोंधळ होतो, कुणी राजदंडाकडे धावतं, कुणी रिकामा मटका घेऊन येतं आणि त्या गदारोळातच विषय मंजूर झाल्याचं दुसऱ्या दिवशी पेपरात कळतं. पाणीपट्टीचं तर त्याहून सोपं. दरवर्षी 5 टक्के वाढ उपविधीतच लिहून ठेवलेली, म्हणजे भांडायलाही कुणी समोर नको.

पण खरी मौज मार्च 2022 नंतर आली. सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि आयुक्तच प्रशासक झाले. म्हणजे आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासक म्हणून त्यावर साधकबाधक विचार करून तो मंजूर करायचा. दोघांत मतभेद झाल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. इतकी एकवाक्यता आमच्या घरात भाजी काय करायची यावरही होत नाही. ही व्यवस्था थेट 2026 च्या जानेवारीतल्या निवडणुकीपर्यंत चालली, आणि मटका घेऊन धावायला सभागृहच नसल्यामुळे अनेक होतकरू आंदोलक बेकार बसले.

भाऊंनी जाता जाता सल्ला दिला, "31 मार्चच्या आत भरून टाका. 1 एप्रिलपासून नवे दर लागले तं मंग मले बोलू नका."

मी भरले. काका मात्र पेटले. आता नगरसेवक परत आलेत, तर झोन कार्यालयावर मटका फोड मोर्चा न्यायचाच, असं त्यांनी ठरवलं. बैठक आमच्याच अंगणात झाली, तर्री-पोहे माझ्याकडून. घोषणा ठरल्या, बॅनर ठरला, फोटोत पुढे कोण उभं राहणार यावर तर फारच वेळ गेला. मग कुणीतरी विचारलं, मटके कुठेत? सगळ्यांच्या घरी फ्रीज. काकांनी बाजारात भाव काढला, तर ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर माठही चढलेले.

बरीच चर्चा होऊन तोडगा निघाला. काकूंचा एकच माठ न्यायचा, डोक्यावर धरून फोटो काढायचा आणि न फोडता परत आणायचा. काकूंनी त्यासाठी अनामत मागितली आहे.