पीडी-एल१ ६० की २०? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप असा: फुप्फुसातल्या कॅन्सरच्या एकाच गाठीचा पीडी-एल१ (कर्कपेशींवरचं, प्रतिकारशक्तीला रोखणारं प्रथिन) एका लॅबने ६० टक्के दिला, दुसरीने २०, मग ज्या आकड्यावर इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारा उपचार) ठरते तोच भरवशाचा नाही. अर्धा आक्षेप मान्य. माझ्या लेखात इम्युनोथेरपीसाठी ५० टक्क्यांची सीमा सांगितली, मोजणीबद्दल मात्र चकार शब्द नाही. ती उणीव माझीच.

रिपोर्टातला हा आकडा म्हणजे टीपीएस: स्लाईडवरच्या जिवंत कर्कपेशींपैकी किती पेशींच्या कडेवर रंग चढला त्याचा टक्का. कडा अर्धवट किंवा फिकट रंगली तरी ती पेशी धरायची. नुसता आतला भाग तपकिरी असेल तर नाही. निदान १०० कर्कपेशी हव्यात. खरी फसगत मॅक्रोफेज (प्रतिकारशक्तीच्या भक्षक पेशी) करतात. ते कर्कपेशींच्या घोळक्यातच बसलेले असतात आणि तेही गडद रंगतात. चुकून मोजले गेले की टक्का फुगतो.

आकडे वेगळे येण्याचं दुसरं कारण अँटिबॉडी, म्हणजे पीडी-एल१ला चिकटून तो रंगवून दाखवणारं रसायन. त्यांपैकी २२सी३, २८-८ आणि एसपी२६३ यांचे निकाल बरेच जुळतात. एसपी१४२ मात्र कर्कपेशी कमीच रंगवते. शिवाय गाठीचा काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (तो टिकवणाऱ्या द्रावात) ६ ते ७२ तास राहायला हवा. हाडातला तुकडा तीव्र आम्लात मऊ केला असेल, किंवा कापलेल्या स्लाईड महिनोन् महिने पडून असतील, तर रंग उतरतो. आणि गाठ सगळीकडे सारखी नसतेच; सुई कुठे लागली यावरही टक्का हलतो.

तेव्हा दोन्ही रिपोर्टांत अँटिबॉडीचं नाव, पेशींची संख्या आणि तुकडा कुठला, हे आधी ताडून पाहा. पुन्हा बायोप्सी करण्याआधी त्याच स्लाईड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात.

‘६० टक्के असूनही गोळ्या दिल्या, म्हणजे डॉक्टरांनीच आकडा मानला नाही’ हे तुमचं म्हणणं मात्र पटत नाही. कर्कपेशींच्या ईजीएफआर या जनुकातला औषधाला दाद देणारा बदल किंवा एएलके जनुकातला फेरबदल सापडला, तर पीडी-एल१ कितीही असो, सहसा आधी त्या बदलावर नेम धरणाऱ्या गोळ्याच. घाईने इम्युनोथेरपी देऊन मागोमाग ओसिमर्टिनिब (ईजीएफआरवरची गोळी) सुरू केलं तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. म्हणून जनुकांच्या रिपोर्टासाठी थांबतात.

राहिलं तुमचं ‘त्यापेक्षा रक्तातलं सीईए बरं’. सीईए म्हणजे कॅन्सरची खूण म्हणून रक्तात मोजलं जाणारं एक प्रथिन. ते धूम्रपानानेही वाढतं आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये अनेकदा नॉर्मल असतं. एनएसई ही रक्तातली अशीच दुसरी खूण; ते तर नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या तरी वाढतं, कारण ते त्यांच्यातही असतं.