म्युझियमला पाऊण तास?

सहलींचा मोसम आला. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संमतीपत्रं, डब्याच्या सूचना आणि खाली पालकांच्या अंगठ्यांची रांग. यंदा वॉटरपार्क सोडून कुणीतरी म्युझियम ठेवलंय म्हणून आनंद झाला, आणि मग वेळापत्रक वाचलं. शनिवारवाडा, म्युझियम, लाल महाल, सारसबाग, जमलं तर पर्वती. त्यात म्युझियमला पाऊण तास. सहल तिसरी-चौथीची!

माझं मत सरळ सांगते. या वयाच्या मुलांना एका भेटीत तीन-चार वस्तू पुरतात. एक असली तरी चालेल. पण तिच्यासमोर बसायला हवं, हातात कागद-पेन्सिल हवी आणि 'चला चला, पुढे चला' म्हणणारं कुणी नको.

पाऊण तासात काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पुढे बाई, मागे शिपाईमामा, मध्ये रांग. काचेला हात लावला की ओरडा. हुशार मुलं वहीत पाटीवरचा मजकूर उतरवून घेतात, कारण सोमवारी 'आमची सहल' या विषयावर दहा ओळी लिहायच्या असतात. पाटी पूर्ण उतरते, वस्तूकडे मान वर करून पाहायचं राहूनच जातं. यात बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. संध्याकाळी मूल घरी आलं की आपणच विचारतो, 'काय काय पाहिलं?' आणि उत्तरात पाचपेक्षा कमी नावं आली तर बसचे पैसे वाया गेल्यासारखं आपल्यालाच वाटतं.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय घ्या. दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायचे. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि 1975 मध्ये सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. वस्तू वीस हजारांच्या वर, त्यांतल्या सुमारे अडीच हजार मांडलेल्या. म्हणजे खुद्द संग्रहालयही सगळं दाखवत नाही. मग आठ वर्षांच्या पोराने पाऊण तासात सगळं पाहावं हा हट्ट कुणाचा?

मध्यंतरी मी भाचीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना तिथे घेऊन गेले होते. आधीच ठरवलं होतं, फक्त अडकित्ते. काचेसमोर पोचल्यावर पहिला प्रश्न आला, 'हे मोठ्ठं नेलकटर आहे का?' यांच्या घरात सुपारी येते ती पूजेपुरती, ती फोडताना पाहणार कुठे? मी उत्तर दिलं नाही, चित्र काढा म्हटलं. पहिली दोन-चार मिनिटं कुरकुर झाली. मग एकीच्या लक्षात आलं की दोन दांड्या जिथे जोडल्यात तिथे खिळा आहे. तिने तो इतका मोठा काढला की बाकी अडकित्त्याला कागदावर जागाच उरली नाही. भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'मावशी, पातं एकाच दांडीला आहे. खालची नुसती धरायला.' झालं! काय कापत असतील, किती कडक असेल, दांड्या एवढ्या लांब कशाला, हे पुढचं सगळं त्यांचं त्यांनीच काढलं. सुरुवातीला आमच्याकडे संशयाने बघणारे तिथले काका शेवटी स्वतःच येऊन एकेका अडकित्त्यावरचं नक्षीकाम दाखवू लागले. तिथेच मांडलेला मस्तानी महाल पाहायचा राहिला. राहू दे.

आता शाळेतल्या चित्रकलेचं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर कौलारू घर आणि आकाशात मराठी चाराच्या आकड्यासारखे पक्षी. तुम्ही काढलंत, मी काढलं, भाचीही काढते. फळ्यावर असतं तेच वहीत. हे बदलणार कोण? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलेसाठी अर्धवेळ निदेशकाची, म्हणजे शिकवणाऱ्याची, तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीला, तीही शंभरहून जास्त पट असेल तर. पहिली ते पाचवीसाठी नाही. तिथे गणित घेणाऱ्या बाईंनीच चित्रकला घ्यायची, आणि अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी चित्रकलेच्या तासाचा.

प्रकल्पांबद्दल तर बोलायलाच नको. रात्री दहाला स्टेशनरीच्या दुकानात 'वारली आहे का, वारली?' असं विचारणारे बाबा मी पाहिलेत. मिळतं तिथे. छापील चित्र, गेरूच्या रंगाचा कार्डशीट, पांढरा पेन. सकाळी मूल ते शाळेत नेतं आणि 'व्हेरी गुड' मिळवून आणतं. मुळात वारलीइतकी लहान मुलांना जवळची चित्रभाषा शोधून सापडायची नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की माणूस तयार, हातपाय रेघांचे. पालघर-डहाणूकडे वारली बायका लग्नघराच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक, म्हणजे चौकटीतलं चित्र, लिहितात. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी तीच भाषा कागदा-कापडावर आणली आणि शेत, मासेमारी, रोजचं सगळं जगणं त्यात भरलं. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मग मुलांना वारली चित्रांतला नेहमीचा तारपा नाच छापून कशाला द्यायचा? त्याच त्रिकोणांतून स्वतःची सोसायटी काढायला सांगा. लिफ्ट, वॉचमन, कुत्री, पाण्याचा टँकर. छापील नसल्यामुळे बाबांना ते करता येणार नाही, हा वरचा फायदा.

मुंबईकरांनी राणीच्या बागेत पेंग्विनकडे धावण्याआधी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातल्या दगडी हत्तीसमोर थांबावं. हा मूळचा घारापुरीचा. त्या बेटाचं 'एलिफंटा' हे नाव याच्यावरूनच पडलं. 1864 मध्ये त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. 1914 मध्ये ते पुन्हा जोडले. ही गोष्ट सांगून 'जोड कुठे दिसतोय शोधा' म्हटलं की मुलं त्याला चारी बाजूंनी फिरून पाहतात. तिकीटही लागत नाही त्याला वेगळं.

आणि हे पुण्या-मुंबईचंच कौतुक नव्हे. साताऱ्याकडच्यांनी औंध गाठावं. तिथलं भवानी संग्रहालय चित्रकार राजाने, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, 1938 मध्ये उभं केलं. तिथे इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं माय-लेकरू आहे. नाकडोळ्यांच्या तपशिलात न अडकता नुसते गोल आकार पकडायला शिकावं तर त्याच्यासमोर. नागपुरात अजब बंगला नावाचं संग्रहालय आहे, नावच मुलांसाठी ठेवल्यासारखं. जिथे जाणं जमत नाही तिथे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 पासून बसमध्येच म्युझियम मांडून ती शाळांच्या दारात न्यायला सुरुवात केली. शाळेने पत्र टाकून विचारून तरी पाहावं.

कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, की साठ मुलं एका अडकित्त्यासमोर कशी बसवणार. नाहीच बसवायची. सहा गट करा, प्रत्येक गटाला वेगळं कपाट द्या, संग्रहालयाला आधी फोन करून परवानगी घ्या. रंग नकोत, सांडतात. परीक्षेचं पॅड, दोन कोरे कागद, एक पेन्सिल बास. शेवटची वीस मिनिटं प्रत्येक गटाने आपली वस्तू बाकीच्यांना दाखवायची, म्हणजे 'काय काय पाहिलं'ची सोयही झाली. गटामागे एक पालक लागेल आणि ते मिळतात, मी आमच्या ग्रुपवर विचारलंय. फक्त मुलाच्या कागदावर पेन्सिल टेकवायची नाही, हे त्यांना बसमध्येच बजावून ठेवा.