काका, आम्ही माथ्याखालून का फिरलो

काका, उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या बर्फातल्या ट्रेकवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की चाळीस वर्षं हंटर शूज (साधे कॅनव्हासचे बूट) घालून सह्याद्री पालथा घातलात, 1987च्या मे महिन्यात त्याच बुटांवर पिंडारी हिमनदीचा ट्रेक केलात, आणि आजची मुंबईची पोरं माथा पाचशे फुटांवर असताना बर्फाचा बाऊ करून परत फिरतात. एकाला जमत नव्हतं तर त्याला बसवायचं आणि बाकीच्यांनी जाऊन यायचं, असंही तुमचं म्हणणं. शेवटी लिहिलंत, ‘असं लिहून नव्या मुलांना घाबरवू नका.’

उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमच्या एका प्रश्नाने मला झोप लागू दिली नाही. ‘स्पाइकची साखळी तुटली म्हणता, मग निघताना पाहिली नव्हती का?’ स्पाइक म्हणजे बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली चढवायचे साखळीचे दात. नाही पाहिली, काका. पायथ्याच्या सांक्री गावात पोचलो तेव्हा अंधार पडला होता. दुकानदाराने पोत्यातून भाड्याच्या स्पाइकच्या जोड्या काढून दिल्या, आम्ही रबर ताणून बुटाला बसतंय का तेवढं बघितलं आणि पैसे देऊन मोकळे झालो. ती तुटलेली कडी मी खिशात घालून आणली आहे, आत्ता टेबलावर समोरच आहे. अंगठ्याच्या नखाएवढी. तुटलेल्या जागी अर्धा भाग तांबूस, गंजलेला, आणि अर्धा ताजा, चकाकणारा. म्हणजे ती आमच्या हातात आली तेव्हाच अर्धी तुटलेली होती आणि बॅटरीच्या उजेडात, बोटाने एकेक कडी चाचपली असती तर दिसली असती. लेखात मी ‘स्पाइकने दगा दिला’ असं लिहिलं होतं. ते वाक्य मी काढलं आहे. हलगर्जीपणा आमचा होता.

पण बर्फाचा बाऊ केला हे मला मान्य नाही.

त्या दिवशी आम्ही सहा जण आणि एक गाइड पहाटे साडेतीनला निघालो. पाण्याच्या बाटल्या रात्रभर उलट्या ठेवल्या होत्या. पाणी वरून गोठतं, म्हणून बाटली उलटी ठेवली की सकाळी झाकणाकडचं पाणी तरी प्यायला मिळतं, हे गाइडभैयानेच शिकवलं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, वाटेवर शेकडो लोक जाऊन गेलेले. त्यांच्या पायांखाली दबलेला बर्फ दिवसा उन्हाने जरा वितळतो, रात्री परत गोठतो, आणि आठवडाभरात ती वाट म्हणजे काच होते. तिकडचे लोक त्याला नुसतं ‘पाला’ म्हणतात. ‘आगे पाला है, पैर पूरा रखना,’ एवढंच भैया सारखं सांगत होता.

माझा मित्र, ज्याच्याबरोबर मी कॉलेजपासून गड चढते आहे, माझ्यापुढे दोन पावलं होता. एका आडव्या टप्प्यावर त्याच्या डाव्या बुटाखाली टक्कन आवाज आला आणि पुढच्या क्षणाला तो तिथे नव्हता. ओरडलाही नाही. खाली वीसेक फुटांवर वाऱ्याने साठलेल्या भुसभुशीत बर्फाच्या ढिगाऱ्यात जाऊन अडकला, म्हणून थांबला. तो ढिगारा दोन हात डावीकडे असता तर खाली थेट उतारच होता. मनगट मुरगळलं, बाकी काही नाही.

काका, तुम्ही घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावरून, उतरला आहात, मीही उतरले आहे. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेला किंवा कुठल्याही घसरड्या धारेवर पाय सुटला की आपण काय करतो? टाच रोवतो, अंग मागे टाकतो, बूड टेकतो, कारवीची काठी धरतो. माती आणि खडे आपल्याबरोबर थोडे सरकतात आणि थांबतात. वर्षानुवर्षांची ती सवय पायांत मुरली आहे. बर्फावर तीच सवय घात करते. टाच टेकवली की स्पाइकचे पुढचे दात हवेतच राहतात, अंग मागे टाकलं की वजन पायावरून जातं, आणि धरायला काहीच नसतं. एकदा वेग घेतला की आइस ॲक्सशिवाय (बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीशिवाय) माणसाला स्वतःला थांबवणं जवळजवळ अशक्य. कातळटप्प्यावर तुमच्या पिढीने आम्हाला शिकवलं ना, भिंतीला चिकटू नकोस, पायावर सरळ उभा राहा? बर्फावरही तेवढं एकच कामाला आलं. बाकी सगळं नव्याने शिकावं लागतं.

‘क्रॅम्पॉन असताना भीती कसली,’ असंही तुम्ही विचारलंत. भाड्याने मिळतात त्यांना सगळे क्रॅम्पॉन म्हणतात खरे, पण ते मायक्रोस्पाइक असतात. रबराचा पट्टा, खाली साखळी, त्यात सेंटिमीटरभराचे दात. खऱ्या क्रॅम्पॉनची चौकट पोलादाची, दात त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब, आणि त्याला तसाच कडक बूट लागतो. मायक्रोस्पाइक मळलेल्या वाटेसाठी उत्तम. शेवटच्या उभ्या चढावर, तेही एका पायात असताना, त्यांच्यावर मी कुणाचाही जीव सोपवणार नाही.

आता मित्राला बसवून पुढे जाण्याबद्दल. यावर मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं, कारण इथे आपलं खरंच जुळत नाही. गाइड एक. तो आमच्याबरोबर वर आला असता तर मुरगळलेल्या हाताचा माणूस एकटा बसला असता, तो त्याच्यापाशी थांबला असता तर आम्ही पाच जण गाइडशिवाय. चढताना घामाने आतले कपडे ओले झालेले असतात. चालताना जाणवत नाही, पण उणे तापमानात, वाऱ्यात तासभर बसलं की तोच ओलावा अंगातली ऊब खेचून घेतो. त्याचे दात पंधरा मिनिटांतच वाजायला लागले होते. मी माझं जॅकेट त्याच्या पाठीवर टाकलं तेव्हा तो म्हणाला, ‘तुम्ही जाऊन या, मी आहे इथे.’ तो असं म्हणणार हे मला माहीत होतं. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. म्हणून त्याचं ऐकायचं नव्हतं.

शिवाय वेळ. सगळं सावरेपर्यंत आमचा तासाहून जास्त वेळ गेला होता. माथ्यावर जाऊन उतरायला लागेपर्यंत ऊन चांगलं वर आलं असतं. बर्फ खूप थंड असतो तेव्हा कडक आणि कोरडा असतो, दात त्यात रुततात. शून्याच्या जवळ आला की वर पाण्याचा पातळ थर येतो, आणि खाली गोठलेलं, वर ओलं अशी ती सगळ्यात निसरडी अवस्था. आम्ही चढाला घाबरलो नव्हतो. उतरताना तोच आडवा टप्पा ओला मिळणार होता आणि सहापैकी एकाच्या एका पायात स्पाइक नव्हता, हा हिशेब होता.

तुमची पिंडारी मी खोटी ठरवत नाही. पण ती मे महिन्यातली. उन्हाळ्यातला जुना बर्फ दिवसा मऊ पडतो, बुटाच्या टोकाने लाथ मारली की पायरी होते. उंची बारा हजार फुटांच्या आसपास दोन्हीकडे सारखीच, महिना मात्र वेगळा. हंटर शूज घालून डिसेंबरच्या पाल्यावर उभं राहून बघा असं मी तुम्हाला कधीच म्हणणार नाही, कारण तुम्ही मला हवे आहात.

आणि नवी मुलं. काका, माझा लेख वाचून तिघांनी विचारलं, जाऊ का? तिघांनाही मी जा म्हटलं. बारा हजार पाचशे फुटांवरून स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ दिसतात, ते आपल्या मुलांनी बघावं असं मला मनापासून वाटतं. सोबत हेही सांगितलं की शेवटची कसारा लोकल पकडून दर शनिवारी कळसूबाई केलं तरी बर्फावर चालणं त्यातून येत नाही. दम येतो, पाय येत नाहीत. जून 2024 मध्ये उत्तराखंडातल्याच सहस्रतालच्या वाटेवर 22 जणांच्या चमूतले 9 ट्रेकर हिमवादळात दगावले, त्यात वर्षानुवर्षं डोंगरात फिरणारे होते. हे सांगणं म्हणजे घाबरवणं असेल तर ते मी करत राहीन. ज्यांना खरंच पुढे जायचंय त्यांनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा 28 दिवसांचा बेसिक कोर्स करावा. मी त्यासाठी रजा साठवते आहे.

आम्ही सहाही जण पुन्हा जाणार आहोत, स्वतःचे स्पाइक घेऊन. मित्राचं मनगट बरं आहे, गेल्या रविवारी तो बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीपर्यंत चालून आला.

एक विनंती आहे. पिंडारीहून परतताना बर्फाचा पट्टा लागला तेव्हा पुढच्या माणसाने पायऱ्या खोदल्या, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्या कशाने खोदल्या, किती अंतरावर, आणि मागच्यांनी पाय कसा टाकला, हे सविस्तर लिहाल का? त्या काळच्या आपल्या मुंबईकर ट्रेकर्सनी सामान नसताना हे कसं निभावलं, ते मला खरंच वाचायचं आहे.