सिरियलमधल्या शेजारणीला निदान एक घर तरी द्या

सिरियलमध्ये शेजारीण दारात आली की मी समजून जाते, लेखकाला काहीतरी सांगायचंय आणि कसं सांगावं ते त्याला सुचेना. मग ही बाई येते, "अगं ऐकलंस का" करते आणि दोन मिनिटांत सगळ्यांची लफडी बाहेर काढून निघून जाते. हातात साखरेची वाटी असतेच, अजूनही! आमच्या लातुरात कोण मागतंय आता साखर, दुकान कोपऱ्यावर आहे, मागायचंच तर लोक पाणी मागतेत.

माझा राग चोंबडेपणावर नाही बरं का. लावालावी करणारी बाई गोष्टीत पाहिजेच, तिच्याशिवाय अर्ध्या गोष्टी जागच्या हलणार नाहीत. राग ह्याचा की तिला स्वतःचं काहीच नसतं, ना नवरा, ना धुणं, ना कसली काळजी. फक्त कान आणि तोंड.

आता माँटगोमेरीबाईंची 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स' बघा, १९०८ ची कॅनडातली कादंबरी. गोष्ट एका अनाथ पोरीची पण सुरू कुठून होते तर शेजारणीपासून. रेचल लिंड खिडकीत बसलीय, हाताला काम आहे आणि नजर रस्त्यावर, आणि शेजारचा मॅथ्यू, जो कधी कुणात मिसळत नाही तो, ऐन पेरणीच्या दिवसात भरदुपारी चांगले कपडे घालून बग्गीतून चाललाय. झालं, बाईचं डोकं चालू. बी संपलं म्हणावं तर त्यासाठी कुणी एवढं नटत नाही, डॉक्टरकडं म्हणावं तर घोडी पळवत नाहीये. मग गेला कुठं? तिला राहवत नाही, ती उठून त्याच्या बहिणीला विचारायला जाते आणि आपण वाचणारेही तिच्या मागंमागं त्या घरात शिरतो. ही बाई लांब कुठंतरी कॅनडातली, पण पेरणी टाकून कोट घालून निघालेला माणूस आमच्या गावातल्या कुठल्याही काकूनं असाच धरला असता.

कारण बातमी कुणी आणून देत नसतंय, कामं करता करताच ती दिसते. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात टँकरच्या लायनीत एखादीच्या दोन घागरी वाढल्या की घरी पाहुणे आलेत हे सगळ्या लायनीला कळायचं. आणि सणवार तर विचारूच नका. शेजारची लेक पंचमीला माहेरी आली, पोळा झाला, महालक्ष्म्या उठल्या, तरी दोरीवर तिच्या साड्या वाळायल्यात. बस्स, दोरीवर पुरावा आहे. मग गच्चीवरून एक प्रश्न येतो, "कामून वो काकू, जावई न्यायला आले नाहीत का अजून?" आणि खाली त्या आईचा हात पिळत्या कपड्यावर थांबतो. आता ह्यात एवढंच घाला की विचारणारीची स्वतःचीही लेक सासरहून परत आलेली आहे आणि तिला कुणीतरी जोडीला पाहिजे. आता सांगा, व्हिलन कोण?

हेच आमच्या सिरियलवाल्यांना सुचत नाही. त्यांची शेजारीण वाईट असते, कारण ती वाईट असते, विषय संपला. तिकडं रहस्यकथा लिहिणाऱ्या आगाथा ख्रिस्तीनं मिस मार्पलच्या १९३० च्या पहिल्या कादंबरीत हीच खोड ह्या मार्पल म्हातारीला लावली, पक्षी बघायचं निमित्त करून दुर्बीण लावणारी, आणि तीच खून उलगडते! आणि बाप्यांनी पानटपरीवर तासभर हेच केलं की त्याला राजकीय चर्चा म्हणायचं, ते वेगळंच, त्यावर परत कधीतरी लिहीन.

आणखी एक, तिला कधीतरी चुकू द्या. रेचलला पण फक्त घोडी आणि कपडे दिसले, उत्तर नाही दिसलं, म्हणून तर ती उठली. तुमच्या बाईला सगळं आधीच ठाऊक असतं, मग ती विचारायला येईल कशाला? वाटी परत करायला?