तळातलं भोक एम-सीलने बुजवू नका

परवा मामा शहापूरच्या हार्डवेअर दुकानातून एम-सीलची दोन पाकिटं घेऊन आले. म्हणाले, "रविवारी कारवारला जाऊया, भोक बुजवून टाकू." घरच्या ग्रुपवर तिघांनी पाठवलेला मेसेज त्यांनी खरा धरला होता. मेसेज असा: शिडाच्या छोट्या होडीवरची, पाण्याची खोली आणि वेग दाखवणारी जुनी यंत्रं बिघडली तर नवी घेऊ नका, मोबाईलवर दोन्ही दिसतं. घ्यायचंच तर नुसता डिस्प्ले घ्या आणि वायर तोडून होडीच्या तळातल्या भोकात बसवलेल्या जुन्या सेन्सरला जोडा. नाहीतर सेन्सर काढून तळातलं भोक एम-सीलने बंद करा.

मामांची बावीस फुटी फायबरची होडी काळी नदीच्या मुखाशी असते. तिच्यात माझी मुलगी बसते. त्यामुळे हे वाचून गप्प राहणं मला जमलं नाही.

आधी भोकाचंच घेतो. ते साधारण ५० मिलिमीटरचं असतं, पाण्याखाली अर्धा मीटर. तिथून सेकंदाला साडेतीन लिटरच्या वर पाणी आत येतं, म्हणजे मिनिटाभरात २०० लिटरचं पिंप भरून वाहतं. छोट्या होडीवरचा पंप तासाला २००० लिटरच्या आसपास उपसतो, म्हणजे मिनिटाला जेमतेम तेहतीस. आता हिशेब करा की! रंग लावलेल्या, ओल सुटलेल्या तळावर थापलेली पुट्टी फायबरला धरत नाही, रंगाला चिकटते. लाटेवर तळ लवतो, पुट्टी लवत नाही. भोक कायमचं बंद करायचं तर होडी जमिनीवर घ्यावी लागते. जाडीच्या बारापट रुंदीपर्यंत भोवतीचा भाग उतरता घासायचा आणि काचकापडाचे थर एपॉक्सीत बसवायचे. ८ मिलिमीटर जाडीच्या तळाला हे चारही बाजूंनी जवळपास १० सेंटिमीटर होतं.

आणि एवढं करायची गरजच काय? वेग मोजणाऱ्या, पाण्याने फिरणाऱ्या चकरीच्या सेन्सरसोबत त्याच मापाची डमी, म्हणजे भोकाचं बूच, मिळते. सेन्सर उपसायचा, लगेच डमी खुपसायची, वरची रिंग आवळायची. हात चटकन चालला तर अर्धी बादली पाणी येतं, तेवढंच. मामांची डमी हत्यारांच्या डब्यात आहे, मीच दोऱ्याने बांधून ठेवलीय.

मोबाईलवर खोली दिसते म्हणे. मोबाईलचं काय पाण्यात उतरतं? तो दाखवतो तो कधीतरी झालेल्या मोजणीचा आकडा, तोही ओहोटीच्या ठरीव पातळीपासूनचा. ७ ऑगस्ट २०२४ ला मध्यरात्रीनंतर काळी नदीवरचा जुना पूल कोसळला. त्या रात्री नदीच्या तळाशी काय जाऊन पडलं, ते मोबाईलमधल्या आकड्याला कुठून कळणार? पावसाळ्यात मुखावरची वाळू सरकते ती वेगळीच. डेप्थ साउंडर, म्हणजे होडीवरचं खोलीचं यंत्र, आवाज खाली सोडतो आणि प्रतिध्वनी येईपर्यंतचा वेळ मोजतो. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, म्हणजे तीन मीटर पाण्यात उत्तर चार मिलिसेकंदांत येतं. ते त्या घडीचं असतं. समुद्रात टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यातला सहावा नियम सुरक्षित वेग ठरवताना काय काय बघायचं ते सांगतो, आणि त्यात होडी पाण्यात किती बुडते व खाली पाणी किती आहे हे स्पष्ट लिहिलंय. तो सगळ्या जहाजांना लागू आहे, आपल्या होडीलाही.

वेगाचं अर्धं खरं आहे, मान्य करतो. जीपीएसचा वेग बरोबर असतो, आणि चकरी अडकली की शून्य दाखवते. गेल्या महिन्यात मी मामांच्या चकरीतून जोंधळ्याच्या दाण्याएवढा एक कडक शिंपला खरवडून काढला. तेवढ्याने ती बंद पडली होती. पण मोबाईल जमिनीच्या हिशेबाने वेग सांगतो. ओहोटी दोन नॉटने (नॉट हे समुद्रातल्या वेगाचं माप) समोरून येतेय आणि होडी पाणी कापतेय चार नॉटने, तर मोबाईल दोनच दाखवणार. शीड नीट ताणलंय की नाही ते त्यावरून कसं ठरवणार?

वायर तोडून जोडण्याबद्दल एवढंच, की सगळे सेन्सर एकाच फ्रिक्वेन्सीवर चालत नाहीत, आणि तोडलेल्या जोडात ओल शिरली की आकडे नाचतात. त्याच कंपनीने जुळतं म्हणून सांगितलेला डिस्प्ले असेल तर खुशाल घ्या.

मामा, पाकिटं परत करा. रविवारी चकरी काढून डमी बसवू. पावसाआधी होडी वर घेतली की सेन्सर आणि डिस्प्ले दोन्ही नवे, एकाच जोडीचे बसवू. मग दोरीला वजन बांधून खोली मोजायची आणि साउंडरचा आकडा तिच्याशी जुळवून घ्यायचा. दोरी मी आणतो.